कमी फवारणीचं द्राक्ष: ठाण्यात चाखलेली सोलारिस

सोलारिस हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष. जर्मनीत फ्रायबुर्गच्या संशोधन संस्थेत नॉर्बर्ट बेकर यांनी १९७५ साली तो संकर केला आणि केवडा, भुरी या दोन्ही रोगांपुढे हे द्राक्ष बऱ्याच अंशी स्वतःच्या बळावर टिकतं, एवढं मला वाचून ठाऊक होतं. पण वाचून चव कळत नाही. यंदा पावसाळ्यात मुलगा कोपनहेगनहून ठाण्याला येणार होता, तेव्हा त्याला बजावून सांगितलं की चॉकलेटं आणू नकोस, सोलारिस आण. एक डेन्मार्कची, आणि जमलं तर एक जर्मनीतल्या बाडेनची. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, त्यामुळे दोन बाटल्या नियमात बसत होत्या. घरी ठेवायला आणि प्यायला महाराष्ट्रात परवाना लागतो, तो आमच्याकडे होताच.

मला हे द्राक्ष एवढं का हवं होतं, ते सांगायला हवं. माझं माहेर नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झाली की घराची झोप बदलायची. पोंगा, म्हणजे कोवळा फुटवा, उघडतो, पाच-सात पानं येतात आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस किंवा दाट धुकं. कोवळं पान रात्रभर ओलं राहिलं की केवडा आलाच. पानावर आधी तेलकट पिवळा डाग, मग पान उलटलं की खाली पांढरी बुरशी, आणि ती घडावर उतरली तर फुलोऱ्यातच घड जळून जातो. म्हणून पाऊस थांबला की रात्री दहा असोत की दोन, ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडायचा. बोर्डो मिश्रण, मॅन्कोझेब, मेटालॅक्सिल, नंतर आलेली आणखी महाग औषधं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस झाला, त्या वर्षी वडील आणि दादा बागेतून घरात फक्त जेवायला यायचे. तरीही अर्ध्याहून जास्त बाग गेली. लग्न होऊन मी ठाण्याला आले, पाचपाखाडीत राहायला लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. पण ऑक्टोबरात इथं रात्री पाऊस वाजला की मी अजून उठून दादाला फोन करते.

म्हणूनच 'रोगप्रतिकारक' असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, किती फवारण्या? आणि दुसरा, मग चवीचं काय? दुसरा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतून युरोपात १८४५ च्या सुमारास भुरी गेली, मग मुळं खाणारी फायलोक्झेरा ही कीड गेली, आणि १८७८ मध्ये केवडा. युरोपच्या वेलींनी हे शत्रू कधी पाहिलेच नव्हते. अमेरिकेतल्या रानवेली मात्र हजारो वर्षं त्यांच्यासोबत वाढलेल्या. तेव्हा दोघींचा संकर करायचा, ही कल्पना लगेच आली आणि फ्रान्समध्ये शेकडो संकरित वाण निघाले. वेली तगल्या, पण त्यांतल्या अनेकांच्या वाइनला एक उग्र, गोडसर वास यायचा. १९३४ च्या कायद्याने फ्रान्सने अशा सहा वाणांवर बंदीच घातली. त्या सहांतली इझाबेला म्हणजे आपल्याकडे रसासाठी वापरतात ती बंगळुरू ब्ल्यू. तो वास आपल्याला परका नाही. काळ्या द्राक्षाच्या बाटलीबंद सरबताचं झाकण उघडलं की येतो तोच. सरबतात तो छान लागतो. कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये तो आला तर खेळ संपला.

तर सोलारिसची परीक्षा घ्यायची ठरली, आणि ती मला नीट घ्यायची होती. 'कमी औषधाची वाइन' हे कळलं की माणूस तिला आधीच गुण देऊन बसतो. म्हणून बाटल्या झाकून चाखायच्या. सोबतीला नाशिकच्या दोन पांढऱ्या वाइन, एक सोव्हिन्यों ब्लांक आणि एक शेनिन ब्लांक, ठेवायच्या, म्हणजे तुलनेला आपल्या ओळखीची चव राहील. चाखायला चौघं: दादा, मी, माझे यजमान आणि एक मैत्रीण, जी हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना वाइन कशी द्यायची ते शिकवते. बाटल्या गुंडाळून ओतायचं काम मुलाकडे, कारण त्याला उत्तर माहीत होतं.

दादा सकाळच्या गाडीने कसारा घाट उतरून आला. येताना पिशवीत त्याच्या बागेतल्या थॉमसन द्राक्षाच्या काही काड्या, कारण आमच्या गच्चीवर एका मोठ्या ड्रममध्ये मी डॉगरिज खुंटावरचा वेल लावला आहे आणि त्याच्यावर पुन्हा कलम करायचं त्याच्या मनात होतं. या वेलाला ठाण्यात कधी धड घड लागला नाही. कोकणच्या हवेत लागणारही नाही. मला तो पानांसाठी हवा असतो.

ठाण्यात आषाढात पांढरी वाइन चाखणं हे सोपं काम नाही, याचा अंदाज मला होता, पण इतका नव्हता. सोव्हिन्यों आठ अंशांवर, बाकीच्या दहा-बारावर ठेवायच्या, असं मैत्रिणीने सांगितलं होतं. फ्रीजमधून काढलेली वाइन ग्लासात पडली की क्षणात ग्लासाला बाहेरून पाणी सुटायचं आणि आतला रंग दिसेनासा व्हायचा. शेवटी खोली आधी तासभर थंड केली, खिडक्या बंद, ग्लास कोरड्या फडक्याने पुसून मग पांढऱ्या कागदासमोर धरायचा. सकाळपासून घरात फोडणी नाही, उदबत्ती नाही, कोणी अत्तर लावायचं नाही. शेजारच्या काकूंनी नेमकी त्याच वेळी सुकट भाजायला घेतली, तेव्हा आम्ही अर्धा तास थांबलो. हे नीट करायचं तर थांबायलाच हवं. सुकटीच्या वासात कुठल्याच पांढऱ्या वाइनला न्याय मिळत नाही.

मुलाने वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्यांवर आकडे टाकले आणि प्रत्येकी थोडी थोडी ओतली. बोलायचं नाही, आधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं.

एक नंबरची मैत्रिणीने वास घेताच ओळखली: कापलेलं गवत, हिरवी मिरची, पेरू. ती सोव्हिन्यों. दोन नंबरमध्ये पिकलेल्या सफरचंदाचा आणि मधाचा वास, आम्हा नाशिककरांची ओळखीची शेनिन. तीन नंबरला मी अडले. रंग फिका, हिरवट झाक. वासात आधी लिंबाची साल, मग कुठल्याशा पांढऱ्या फुलाचा वास, जाईइतका जड नाही, आणि खाली किंचित मस्कट द्राक्षाचा गंध. तोंडात घेतल्यावर आंबटपणा सरळ आणि धारदार, पण पोकळ नाही. मध्ये भरीव अंग होतं, म्हणजे तोंडात वजन जाणवत होतं. चार नंबर सोनेरीकडे झुकलेली. वासात पिकलेलं अननस, आणि ग्लास फिरवून ठेवल्यावर भाजलेल्या कडधान्यासारखा, बदाम-अक्रोडाकडे जाणारा वास. आंबटपणा कमी, अंग मोठं, गिळल्यावर घशात ऊब. दादाने चार नंबरसमोर लिहिलं: "साखर जास्त चढलेलं द्राक्ष, अल्कोहोल जास्त." तो वाइन क्वचित पितो. पण द्राक्षात साखर किती भरली होती, ते त्याला वाइनमधून कळतं.

तीन नंबरची डेन्मार्कची होती, चार नंबरची बाडेनची. दोन्ही सोलारिस.

ज्या वासाची मला धास्ती होती, तो चौघांपैकी एकालाही आला नाही. दादाने मुद्दाम दोन्ही ग्लास हाताच्या उबेवर गरम होऊ दिले, कारण वाइन कोमट झाली की दोष लपत नाहीत. तरी नाही. "बंगळुरू ब्ल्यू कुठंच नाही गं यात," तो म्हणाला, आणि हे त्याच्या तोंडून ऐकायला मी किती उत्सुक होते ते मला तेव्हा कळलं.

वास न येण्याचं कारण वंशावळीत आहे. सोलारिसची एक बाजू मेर्झलिंग नावाच्या फ्रायबुर्गच्याच वाणाची. त्यात फ्रान्सच्या संकरातून आलेली सेव्हाल ब्लांक आहे, रिसलिंग आहे, पिनो ग्री आहे. दुसरी बाजू रशियातल्या झार्या सेव्हेरा आणि मस्कट ओटोनेल यांच्या संकराची. झार्या सेव्हेराच्या रक्तात आशियातल्या अमूर नदीच्या खोऱ्यातला रानवेल आहे, व्हिटिस अमुरेन्सिस, जो भयंकर थंडीतही तगतो. पिढ्यानपिढ्या युरोपच्या चांगल्या वाणांशी पुन्हा पुन्हा संकर करत गेल्यावर चव त्यांची उरली आणि रानवेलीकडून प्रामुख्याने प्रतिकाराची जनुकं ठेवली गेली. मला तीन नंबरमध्ये जो मस्कटचा गंध आला, तो ओटोनेलचा वारसा असावा असं मला वाटतं.

यातली जनुकांची गोष्ट दादाला सगळ्यात आवडली, आणि मलाही. केवड्याविरुद्ध सोलारिसमध्ये एक जनुकस्थान अमेरिकी वेलीकडून आलेलं आहे, आरपीव्ही ३, आणि दुसरं अमूरच्या वेलीकडून, आरपीव्ही १०. दाराला एका कुलुपाऐवजी वेगवेगळ्या किल्ल्यांची दोन कुलपं. केवड्याचा जीव खरं तर बुरशीही नाही, शेवाळांच्या जवळचा आहे. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थरात पोहत जातात आणि पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून आत शिरतात. सोलारिसच्या पानात तो शिरतो, पण आत पाय ठेवताच आजूबाजूच्या पेशी स्वतः मरतात आणि त्याला खायला जिवंत पेशीच उरत नाही.

इथं मी गच्चीवर जाऊन आमच्या वेलाचं एक पान तोडून आणलं. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याच्यावर केवडा होता. वर पिवळे तेलकट डाग, उलटलं तर खाली पांढरा थर. ते टेबलावर ठेवलं आणि मुलाने त्याच्या फोनवर डेन्मार्कच्या मळ्यातल्या सोलारिसच्या पानाचा फोटो उघडला. त्या पानावर काळे, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते, आणि बाकी पान हिरवंगार. तेच ठिपके म्हणजे मेलेल्या पेशी, जिथं रोग आला आणि थांबला. दादा दोन्ही पानांकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने तोच प्रश्न विचारला जो मी विचारला असता: "फवारत नाहीत का मग अजिबात?"

फवारतात. मुलाने मळ्याच्या मालकाला विचारून घेतलं होतं. फुलोऱ्याच्या आगेमागे दोन-तीन फवारण्या करतात, आणि त्या करायलाच हव्यात, हे मला इथं ठासून सांगायचं आहे. एकच जनुक असलेल्या वाणावर वर्षानुवर्षं औषध न मारता राहिलं, तर केवड्याचे जे थोडे जीव ते कुलूप उघडायला शिकतात त्यांनाच वाढायला मोकळं रान मिळतं. हंगेरीच्या बियांका या वाणावर आरपीव्ही ३ ला दाद न देणारा केवडा सापडल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालंही आहे. म्हणजे नवा वाण मिळाला म्हणून फवारणी बंद केली, तर पुढच्या पिढीच्या शेतकऱ्याचा वाण आपण खाऊन टाकला. आणि केवडा, भुरी सोडून बाकीचे रोग आहेतच. पण दोन-तीन फवारण्या! दादाच्या बागेत एका हंगामात किती होतात, हे त्याने त्या टेबलावर सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्हा दोघांनाही ते माहीत आहे.

डेन्मार्कला हे द्राक्ष इतकं का मानवलं, तेही मुलाने सांगितलं. युरोपीय संघाने डेन्मार्कला २००० साली व्यापारी वाइन करायला मान्यता दिली. तिथला उन्हाळा छोटा, ऊन तिरकं. सोलारिस फार लवकर पिकतं, फ्रायबुर्गमध्ये ऑगस्टअखेरीस, आणि साखर झपाट्याने चढते. साखरेच्या जर्मन मापात शंभर एश्ले सहज, म्हणजे आपल्याकडच्या मापात चोवीसच्या आसपास ब्रिक्स. डेन्मार्कच्या थंडीत तेच द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत हळूहळू पिकतं आणि आंबटपणा धरून ठेवतं. आमच्या ग्लासातल्या तीन आणि चारमधला फरक तोच होता. एकच वाण, दोन हवामानं. लवकर गोड होण्याचा एक तोटाही आहे: सगळ्या मळ्यात आधी तेच गोड झालं की गांधीलमाश्या आणि पाखरं तिथंच उतरतात, म्हणून जाळी टाकावी लागते. वेल जोमदार, पानं मोठी, त्यामुळे घडाभोवतीची पानं काढून वारा खेळता ठेवायचा. हे ऐकून दादा हसला. हे काम तर जगभर सारखंच.

मग दादाचा अपेक्षित प्रश्न आला. "दोन काड्या आणता आल्या असत्या की त्याला."

नाही. आणि यावर मी दादाशी जरा चढ्या आवाजात बोलले. परदेशातून लागवडीचं साहित्य आणायचं तर २००३ च्या वनस्पती अलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना, तिकडचं आरोग्य प्रमाणपत्र, इथं तपासणी, हे सगळं लागतं, आणि संशोधनाचं साहित्य दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोमार्फत येतं. बॅगेत मोज्यात गुंडाळून काडी आणणं हा गुन्हा तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे भुरी, फायलोक्झेरा आणि केवडा युरोपात पोचले ते अमेरिकेहून आणलेल्या वेलींसोबतच. ज्या रोगामुळे आपल्या घराची झोप गेली, तो असाच कोणाच्या तरी दोन काड्यांवर बसून आला. दादा गप्प झाला आणि म्हणाला, "बरोबर आहे. नको."

जेवताना खरी गंमत झाली. मासेमारी बंदीचे दिवस, मोठा मासा नव्हता, पण खाडीची कोळंबी चांगली मिळाली होती. तिखट कमी घातलेल्या कोळंबीसोबत डेन्मार्कची सोलारिस इतकी जुळली की यजमानांनी, ज्यांनी चाखताना सगळ्यांत कमी लिहिलं होतं, ती पुन्हा मागून घेतली. बाडेनच्या सोलारिसचं तिखट रश्श्याशी जमलं नाही. अल्कोहोलने मिरची आणखी पेटली. तिला मैत्रिणीने नंतर चीज आणि भाजलेल्या शेंगदाण्यांसोबत घेतलं, तिथं ती छान बसली.

नाशिकला हे द्राक्ष चालेल का, यावर दादा आणि मी रात्री उशिरापर्यंत बोललो. त्याचं म्हणणं, लवकर पिकणारा वाण म्हणजे जोखमीचे दिवस कमी आणि थंडी असतानाच तोडणी. हे पटण्यासारखं आहे. माझं म्हणणं, आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, वर्षाला दोन छाटण्या होतात, आणि फेब्रुवारीच्या उन्हात ज्याची साखर एवढी पळते त्याचा आंबटपणा टिकवणं कठीण. बाडेनमध्येच तो खाली आला होता. मला सोलारिस हवी आहे ती तिच्यातल्या जनुकांसाठी. शेनिन किंवा आपल्या उष्णतेला सरावलेल्या एखाद्या वाणात ती दोन कुलपं बसवता आली, तर ते खरं काम. असं काही आपल्याकडे होतच नाही, असं नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी कॅटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ हा वाण काढला आहे. बुरशीजन्य रोगांना तोंड देतो, ११० ते १२० दिवसांत तयार होतो, रस, जॅम आणि रेड वाइनला चालतो. पांढऱ्या वाइनसाठी तसा वाण नाशिकच्या शेतकऱ्याच्या हाती पडावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. यात वेळ जातो, हेही तितकंच खरं. सोलारिसचा संकर १९७५ चा, वाणाला कायदेशीर संरक्षण मिळालं ते २००१ मध्ये. आणि असे संकर युरोपातल्या प्रदेशाचं संरक्षित नाव लावणाऱ्या वाइनमध्ये वापरायला युरोपीय संघाचा नियम पूर्णपणे मोकळा झाला तो २०२१ मध्ये.

उरलेल्या बाटल्या बूच लावून फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, दादाची गाडी असल्यामुळे, आम्ही दोघांनी फक्त वास घेतला. बाडेनच्या सोलारिसचं अननस बरंचसं विरलं होतं. डेन्मार्कची मात्र आदल्या दिवसापेक्षा मोकळी झाली होती, फुलाचा वास पुढे आला होता. दादाने त्या बाटलीचं लेबल पाण्यात भिजवून सोडवून घेतलं आणि पाकिटात ठेवलं. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात त्याचं पुढच्या महिन्यात काम आहे. तिथं दाखवून तो विचारणार आहे की आरपीव्ही १० असलेलं साहित्य देशात आलं आहे का, आणि आलं असेल तर पांढऱ्या वाइनच्या वाणासोबत त्याचा संकर कोणी करतं आहे का. प्रश्न मी त्याला कागदावर मराठीत लिहून दिले आहेत.